पैशांची नड असताना प्रकाशकाशी बोलताय? या चुका टाळा

दवाखान्याचं बिल समोर असतं, मुलांची फी थकलेली असते, तेव्हा लेखक प्रकाशकाला फोन लावतो आणि म्हणतो, "बघा ना, काही जमलं तर." चूक इथेच होते. अडचण सांगितली, आकडा सांगितलाच नाही, की रक्कम समोरचा माणूस ठरवतो. आधी आपलं येणं काढा. किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, खपलेल्या प्रती 1000, तर 30,000 रुपये तुमच्या हक्काचे आहेत. मात्र रॉयल्टी छापील किमतीवर आहे की विक्रेत्याचं कमिशन वजा जाता, हे करारात बघा. कमिशन 40 टक्के असेल, तर तीच रक्कम 18,000 वर येते.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझी स्वतःची. आईच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. प्रकाशकांनी त्याच दिवशी 15,000 रुपये काढून दिले आणि व्हाउचर पुढे केलं. खाली रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं होतं, त्यावर मी आडवी सही केली. वर टाइप केलेलं होतं, "सदर पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी, पूर्ण व अंतिम मोबदला." ते मी वाचलंच नाही. पुढच्या तीन आवृत्त्या निघाल्या, माझ्या हाती एक रुपया आला नाही. मला हवी होती उचल. मी पुस्तकच देऊन आलो.

म्हणून घाईत असलात तरी पावतीवर "पुढील रॉयल्टीपोटी आगाऊ" एवढे शब्द लिहून घ्या. हक्क द्यायचेच झाले, तर एका आवृत्तीपुरते द्या, प्रतींची संख्या घाला. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद वेगळे ठेवा. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. "कायमस्वरूपी" हा एक शब्द खोडून घेतल्याने किती फरक पडतो, बघा.

कधी प्रकाशकच खरोखर अडचणीत असतो. मग "पैशांऐवजी प्रती घ्या" असं सुचवलं जातं. तुमची व्याख्यानं होत असतील, तिथे पुस्तकं विकली जात असतील, तरच घ्या. नाहीतर गठ्ठे घरात पडून राहतात. त्यापेक्षा तारखा टाकलेल्या चेकांचे हप्ते बरे.

आणि वर्षानुवर्षं तोंडी वायद्यांवर थांबू नका. थकलेल्या रकमेसाठी दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत प्रकाशकाने देणं लेखी, सहीनिशी मान्य केलं, तर मुदत नव्याने सुरू होते. फोन ठेवल्या ठेवल्या एक ईमेल पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे माझी 30,000 रुपये रॉयल्टी येणे आहे. त्यापैकी 10,000 या महिन्यात, उरलेले दोन हप्त्यांत देण्याचं आपण मान्य केलंत. हे बरोबर असल्याचं सहीच्या पत्राने कळवावं."