मार्कअप कॉन्फरन्सची तयारी, सांगलीतून (आणि फॉन्ट!)

यंदा आपल्याकडचे दोघं-तिघं मार्कअप (मजकुराचा कुठला भाग काय आहे हे टॅग लावून सांगणं) आणि डॉक्युमेंटवाल्या कॉन्फरन्सना पेपर पाठवायचं म्हणतायत. मागच्या खेपेला माझ्या स्लाइडवर मराठीच्या जागी चौकोन उमटले होते, त्यामुळे फॉन्टबद्दल जरा जास्त बोलेन. ऐकून घ्या.

आधी कुठे पाठवायचं ते ठरवा. सगळीकडे एकच पेपर फिरवू नका. बालिसाज या अमेरिकेतल्या मार्कअप कॉन्फरन्सला पूर्ण पेपर लागतो, तोही त्यांनी ठरवलेल्या एक्सएमएल (मार्कअपचीच एक भाषा) टॅगांत. वर्डची फाइल देऊन ‘नंतर बदलतो’ तिथे चालत नाही. एसीएम या संगणकवाल्यांच्या संस्थेची डॉकएंज ही संशोधकांची जागा. दुसऱ्यांनी काय केलं आणि तुमचं त्याहून बरं कसं, हे आकड्यांत दाखवावं लागतं. एक्सएमएल प्राग, लंडनची मार्कअप यूके, डिक्लेरेटिव्ह ॲमस्टरडॅम इथे प्रत्यक्ष काम करणारे जास्त. काय बांधलं आणि कुठे अडलं हे सरळ सांगितलेलं त्यांना आवडतं. भारतात काही होईल म्हणून थांबू नका. 2011 मध्ये वेबची मोठी कॉन्फरन्स हैदराबादला आणि टेक्स या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवाल्यांची तिरुवनंतपुरमला झाली होती. असा योग रोज येत नाही.

मुदतीपुढे ‘एओई’ (एनिव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही तो दिवस संपेपर्यंत) लिहिलं असेल तर ती तारीख आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. हे कळल्यावर लोक निवांत होतात. होऊ नका.

आता फॉन्ट. आपल्यापैकी बहुतेक जण देवनागरीचंच काहीतरी दाखवणार, आणि समोरच्या मशिनवर तुमचा फॉन्ट नसतो. नसतोच, असं धरून चाला. स्लाइड एचटीएमएलमध्ये असतील आणि फॉन्ट नेटवरून येत असेल, तर हॉलमधलं वायफाय गेलं की फॉन्टही गेला. माझं नेमकं हेच झालं. फॉन्टची फाइल स्लाइडच्याच फोल्डरमध्ये ठेवा, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) तिचाच पत्ता द्या, मग वायफाय बंद करून, ब्राउझरची कॅश पुसून पुन्हा उघडा. घरी कॅशमुळे सगळं छान दिसतं, तिथेच माणूस फसतो.

सोबत पीडीएफ ठेवाच, आणि ती नुसती डोळ्यांनी बघू नका. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही कमांड चालवा. प्रत्येक फॉन्टसमोर ‘एम्ब’च्या (एम्बेडेड, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच आहे का) रकान्यात ‘येस’ आलं पाहिजे. एक जरी ‘नो’ दिसला तरी फाइल पुन्हा बनवा. मग पीडीएफमधली एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. वेलांट्या भलत्या अक्षराला लागल्या, जोडाक्षरं फुटली, तर दिसायला सुंदर असलेली ती फाइल शोधायला आणि कॉपी करायला निरुपयोगी आहे. डॉक्युमेंटच्या कॉन्फरन्सला आलेला माणूस हे पाच मिनिटांत पकडतो. अपाची एफओपी या एक्सएमएलवरून पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने पीडीएफ काढत असाल तर फॉन्ट सांगायला विसरलात की मराठीऐवजी #### छापून येतं. निदान लगेच कळतं तरी.

चाचणीची ओळ म्हणून ‘कृष्णाकाठच्या आचाऱ्यांची लग्नपत्रिका’ वापरा. आचाऱ्यांमधला र मुद्दाम घेतलाय. कुणी तो र, हलंत आणि न दिसणारा जोडक असा टाइप करतं, आणि ‘फालतू अदृश्य अक्षरं’ साफ करणारी एखादी स्क्रिप्ट तो जोडक खाऊन टाकते. मग स्वयंपाक करणारे आचारी एका झटक्यात आचार्य होतात. आणि टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यानेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे घेऊन बसाल.

जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. तो तसाच नेला तर चौकोनसुद्धा दिसत नाहीत, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

बालिसाज गेली काही वर्षं ऑनलाइन असते, म्हणजे सोपं, असं वाटेल. पण ती जुलैअखेर नाहीतर ऑगस्टच्या सुरुवातीला येते आणि त्याच दिवसांत आपलं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं याकडे असतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पाणी चढायला लागलं की नदीजवळच्या गावभागात बसून भाषण द्यायच्या फंदात पडू नका. आदल्या दिवशीच विश्रामबागेकडे कुणाकडे तरी मुक्काम हलवा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, फोनचं नेट दुसऱ्या कंपनीचं ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळी वेळेत आपले संध्याकाळचे साडेसहा. घरात सांगून ठेवा, नाहीतर ऐन भाषणात कुकरच्या शिट्ट्या.

प्राग-ॲमस्टरडॅमला जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावं लागेल, त्याची रजा धरा. पासपोर्टवर आहे तसंच नाव कॉन्फरन्सच्या नोंदणीत टाका, वडिलांच्या नावासकट. लंडनला हा व्हिसा चालत नाही.

बाकी ॲडॅप्टर, एचडीएमआयची वायर, गोळ्या, चटणी. लंडनचं सॉकेट वेगळं.

पेनड्राइव्हवर पीडीएफ, मेलमध्ये पीडीएफ. आयोजक म्हणतील, आमच्याच लॅपटॉपवर टाका. टाका, पण चहाच्या सुट्टीत त्यांच्या पडद्यावर देवनागरीची प्रत्येक स्लाइड उघडून बघा. पहिलीच नाही, प्रत्येक.