मातीतला गडी मॅटवर उतरवायचा असेल तर

कुस्तीची मॅट अंथरली की आमच्याकडं वस्तादाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मातीतलं सगळं विसर आता." हे बंद करा. घोटलेला डाव डोक्यातून पुसला जात नाही. नवं वळण त्याच्या शेजारी बसतं, आणि दम लागला की जुनं उसळून वर येतं.

आत काय चालतं ते थोडक्यात. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स 'आत्ता कुठला नियम चालू आहे' ते धरून ठेवतो. मेंदूत खोलवर स्ट्रायटम असतं, त्याच्या बाहेरच्या बाजूवर पक्क्या सवयी चालतात, आतल्या बाजूवर हेतू बघून केलेल्या हालचाली. निघालेला हात थोपवायला सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाची बारकी गाठ मदत करते. ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये छापलेला अभ्यास बघा. कपाळामागचा भाग शस्त्रक्रियेत काढलेल्या रुग्णांना त्यांनी पत्ते लावायला दिले आणि मधेच, न सांगता, नियम बदलला. रुग्ण जुन्याच नियमानं लावत राहिले. काय करायला हवं ते तोंडानं सांगता येत होतं, हाताला ते वळत नव्हतं! म्हणून पोराला नियम पाठ आहेत का, हे विचारून काही कळत नाही.

आधी कुठं गडबड होते ते हेरा. मातीत जांग्याला (लंगोटावरच्या आखूड चड्डीला) हात घालायचा, मॅटवर पोशाख धरला की फाऊल. मातीत मागं सरून जागा घेता येते, मॅटवर वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक गुण. माझ्या मते ही दुसरी सवय जास्त नडते, कारण पाय मागं गेलेला पोराला कळतच नाही.

मग खूण ठरवा. बूट चढवले की मॅट, अनवाणी की हौदा म्हणजे मातीचा आखाडा, यात कधी घालमेल नको. सुरुवातीला दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घ्या. नवं वळण बसलं की एकाच सकाळी आलटूनपालटून, पुढं तर मॅटवरच मधेच "माती!" ओरडायचं, पुन्हा "मॅट!". चुकलं की शिट्टी त्याच क्षणी. अपेक्षित फळ मिळालं नाही की डोपामिन हे मेंदूतलं रसायन घसरतं आणि मेंदू त्यातूनच शिकतो, कुस्ती संपल्यावरच्या भाषणातून फारसा नाही.

हा सराव जोर-बैठकांच्या आधी घ्या, लगा. झोप कमी, ताण जास्त, की सवयीचं फावतं. प्रेक्षकांचा गलका, दमलेलं अंग हे नंतर मिसळायचं.

आणखी एक. नियम बदलल्यावरची पहिली हालचाल मंद निघते, तयारीला वेळ दिला तरी थोडा मंदपणा उरतो. म्हणून लढतीआधी बाजूच्या मॅटवर एक छोटी झटापट होऊ द्या, ती मंद हालचाल तिथंच निघून जाईल. आणि मॅट अंगवळणी पडायला वेळ द्या. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीनच होती, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य.

मॅटचा हंगाम चालू असतानाही आठवड्यातनं एकदा हौद्यात उतरवाच. नाहीतर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात गडी जांग्या सोडून मनगट शोधत बसेल.