दूध घटायची वाट पाहू नका, दुपारी गाईचे श्वास मोजा

संकलन केंद्रावर लिटर कमी भरले की आपल्याला उन्हाची आठवण होते. पण आज लागलेल्या उन्हाचा परिणाम दुधात उतरायला साधारण दोन दिवस लागतात. गाय मात्र त्याच दुपारी सांगत असते. दोन-अडीचच्या सुमारास सावलीत उभ्या गाईची भकाळी (बरगड्यांमागचा, श्वासाबरोबर हलणारा खळगा) पाहा आणि मिनिटभर तिचे श्वास मोजा. 60 च्या वर गेले तर तिला उष्णतेचा ताण बसला आहे. तोंड उघडे, लाळेची तार लोंबतेय, गाय बसायलाच तयार नाही, अशी अवस्था असेल तर ताण बराच वाढला आहे.

नुसत्या तापमानावर जाऊ नका, हवेतला दमटपणाही पाहा. रत्नागिरीतले दमट 34 अंश गाईला सोलापूरच्या कोरड्या 40 अंशांइतकेच, किंबहुना जास्तच जड जातात. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय 25 अंशांपर्यंत सुखात असते. खिलार, देवणी, लाल कंधारी या देशी गाईंना आपले ऊन मानवते. त्यामुळे खर्च आणि कष्ट आधी जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंवर करा. म्हशींचा रंग काळा आणि घाम कमी, म्हणून त्यांनाही दुपारी पाणी मारायलाच हवे.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) घ्यायच्या आधी पिण्याच्या पाण्याची सोय करा. उन्हाळ्यात दुभत्या गाईला दिवसाला 80 ते 100 लिटर, जास्त दूध असेल तर त्याहूनही अधिक पाणी लागते. दावणीला बांधून दोन वेळा बादली दाखवल्याने ही गरज भागत नाही. मुक्त संचार गोठ्याचा (जिथे गाय बांधलेली नसते) खरा फायदा इथेच आहे: गाय हवे तेव्हा पिते. हौद सावलीत ठेवा. काळी पाइप दिवसभर उन्हात पडली असेल तर तिच्यातले पहिले पाणी हाताला चटका देते. ते गाय पिणार नाही, आधी सोडून द्या.

चाऱ्यात काय आहे याच्याइतकेच तो कधी पडतो हे महत्त्वाचे. कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) चारा आंबताना जी उष्णता तयार होते ती खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी सर्वात जास्त असते. सकाळी दहाला गव्हाण भरली की ऐन दुपारी बाहेरून ऊन आणि आतून भट्टी. म्हणून मोठा हिस्सा पहाटे पाचच्या आत आणि रात्री आठनंतर टाका. कडबा दुपारी नको, रात्री द्या. पण तो बंद करून नुसत्या पेंडीवर भागवू नका, पोट आंबट होते. मुरघास उन्हात लवकर तापतो, तेव्हा उरलेला काढून गव्हाण रोज स्वच्छ करा. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी देऊ नका, किराळ (अशा ज्वारीतून होणारी विषबाधा) लागेल.

धापेमुळे आणि गळणाऱ्या लाळेमुळे शरीरातला सोडा कमी होतो. दुधाचे फॅट 3.5 टक्क्यांच्या खाली घसरण्यामागे हे एक मोठे कारण आहे. खुराकात खाण्याचा सोडा 50 ते 100 ग्रॅम दिवसभरात विभागून, मीठ 30 ते 50 ग्रॅम आणि नेहमीचे खनिज मिश्रण द्या. नेमके प्रमाण गाईचे वजन आणि दूध पाहून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

पत्र्यावर उसाचे पाचट किंवा तुराट्या पसरा, आगीची काळजी घ्या. तेही नसेल तर पत्र्याला चुना मारा. ओली बारदाने सोलापूर, मराठवाडा, विदर्भात वाऱ्याच्या बाजूला दुपारपुरती लावा आणि संध्याकाळी वर गुंडाळा. कोकणात आणि गोव्यात बारदाने आणि फॉगर दोन्ही टाळा, तिथे फक्त मोकळा वारा आणि पंखा. पाणी मारायचे तर कातडीपर्यंत भिजेल असे मारा आणि लगेच पंखा लावा. नुसते केस ओले झाले तर उष्णता आतच कोंडते.

ऊन उतरले की आपले काम संपले असे वाटते, पण गाईच्या शरीराचे तापमान बाहेरच्यापेक्षा काही तास उशिरा, म्हणजे संध्याकाळी सर्वात वर चढते. नेमके तेव्हाच आपण तिला तापलेल्या पत्र्याखाली बांधतो. त्याऐवजी सहा-सातला अंगावर पाणी मारून तिला रात्रभर उघड्यावर मोकळी ठेवा. दिवसा साठलेली उष्णता रात्री बाहेर गेली तरच दुसऱ्या दिवशी ती नीट खाईल.

आटवलेल्या गाईकडे मात्र सगळ्यात कमी लक्ष जाते, आणि याचे फार वाईट वाटते. दूध देत नाही म्हणून तिला गोठ्याच्या कडेला, विरळ सावलीत बांधले जाते. विण्याआधीच्या दोन महिन्यांत तिला ऊन लागले तर कासेची वाढ खुंटते, पुढच्या वेतात दूध कमी मिळते, वासरू हलके जन्मते आणि ते वासरू कालवड असेल तर पुढे गाय झाल्यावरही तिच्या दुधावर परिणाम राहतो. पंखे दोनच असतील तर एक तिच्यावर लावा.

उन्हाळ्यात माज मुका राहतो, म्हणजे त्याची लक्षणे नीट दिसत नाहीत. पहाटे आणि रात्री लक्ष ठेवा, कृत्रिम रेतन थंड वेळेला करून घ्या. घटसर्प-फऱ्याची लसही सकाळीच टोचून घ्या.

गाय कोसळली, ताप 106 अंश फॅरेनहाइटच्या आसपास गेला, तर तिथेच सावली करा, डोक्यावर आणि अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला आणि 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. घाबरून तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. ती स्वतः मान उचलून प्यायला लागली की थोडे थोडे पाणी पुढे ठेवा.