तालुक्याचं न्यूज पोर्टल: लाइकपासून पगारापर्यंत

फेसबुक पेज लाखाच्या घरात पोचलेलं असतं, यूट्यूबवर एखादा अपघाताचा व्हिडिओ तुफान चाललेला असतो आणि बातमीदाराचा दोन महिन्यांचा पगार थकलेला असतो. तालुका पातळीवरच्या पोर्टलांचं हे नेहमीचं दुखणं. कारण सोपं आहे. तो व्हिडिओ पाहणारे निम्मे-अधिक लोक जिल्ह्याबाहेरचे असतात आणि वाळव्यातल्या हार्डवेअर दुकानदाराला नागपूरच्या प्रेक्षकाचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून वाढीचं माप आधी बदला. एकाच तालुक्यातले, रोज येणारे पाच हजार वाचक हे पहिल्या दोन वर्षांचं ध्येय ठेवा. बाकी आकडे मित्रांना सांगायला ठीक.

हद्द

एक तालुका घ्या. एक नगरपरिषद, एक पंचायत समिती, एक-दोन पोलीस ठाणी, बाजार समिती, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, न्यायालय आणि ऐंशी-शंभर गावं एवढा पसारा दोन पूर्णवेळ माणसं नीट सांभाळू शकतात. पोर्टलच्या नावात तालुक्याचं किंवा गावाचं नाव असू द्या. ‘महाराष्ट्र’ नाव लावून एसटी स्टँडच्या पलीकडे न जाणारी पोर्टलं आधीच भरपूर आहेत.

बाहेरगावचा एक वाचक मात्र हक्काचा असतो. कोकणातल्या तालुक्यांना मुंबईचे चाकरमानी, सांगली-साताऱ्याकडे पुण्यात नोकरी करणारी मुलं. त्यांना गावच्या पाण्याची, रस्त्याची, निधनाची बातमी हवी असते, आणि सभासदत्वाचे पैसे देणाऱ्यांत ते पुढे असतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कोकणातल्या पोर्टलने मुंबई-गोवा महामार्गाची टप्प्याटप्प्याने स्थिती, जादा एसटी आणि गणपती स्पेशल गाड्या एवढंच नेमाने दिलं तरी वर्षभराचे वाचक मिळतात.

रोज लागणारी माहिती

वाचक सवयीने येतो, आणि सवय ब्रेकिंग न्यूजने लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मिळणाऱ्या माहितीने लागते. सकाळी साडेसातच्या आत एक पोस्ट जायलाच हवी, रविवारीसुद्धा.

बाजारभाव देताना आवक क्विंटलमध्ये आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही दर द्या. फक्त कमाल दर टाकला की शेतकरी गाडी भरून नेतो, हातात सर्वसाधारण दर पडतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. कमाल दर अनेकदा एखाद्या निवडक लॉटचाच असतो.

पावसाळ्यात नदीच्या पातळीबरोबर इशारा आणि धोका पातळी दर वेळी लिहा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फुटांना. नुसतं ‘पाणी ३८ फुटांवर’ लिहिलं तर नवख्याला काहीच कळत नाही. तारीख आणि तास फोटोच्या आतच छापा, कारण मजकूर गळतो आणि फोटो फिरत राहतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे व्हिडिओ दर पावसाळ्यात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. वाचकाने पाठवलेला व्हिडिओ लावण्याआधी त्याच जागेचा दुसरा फोटो कुणाकडून तरी मागवा.

वीज बंदची सूचना महावितरण फीडरच्या (ठरावीक गावांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या) नावाने देतं. वाचकाला आपला फीडर माहीत नसतो, म्हणून त्यावरच्या गावांची आणि गल्ल्यांची यादी एकदाच बसून तयार करा आणि पोस्टमध्ये गावांची नावं द्या.

निधन वार्ता फुकट द्या. ती सगळ्यांत जास्त वाचली जाते. घरच्या माणसाला स्वतः फोन केल्याशिवाय मात्र एकही टाकू नका, ग्रुपवरचा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फोटो हा पुरावा नव्हे. पैसे घ्यायचे ते पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीचे.

बातमी कुठून काढायची

प्रेसनोटवर चालणारं पोर्टल वाढत नाही, कारण तीच प्रेसनोट अकरा ठिकाणी तशीच लागलेली असते. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेच्या आधी मिळवा. सभेत आरडाओरडा ज्या विषयावर होतो तो बातमीचा विषय असतोच असं नाही. पैशाचे विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त सरकवले जातात, तिथे कान ठेवा. निविदा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांसाठी राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रथम खबर अहवाल असतात (संवेदनशील गुन्हे वगळून). अंमलदाराच्या तोंडी माहितीवर नावं छापण्यापेक्षा तो अहवाल उघडून वाचा.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असा प्रश्न विचारला की अर्ज वाया गेला. कागद मागा: अमुक रस्त्याचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, अदा केलेली बिलं. दर महिन्याला दोन अर्ज टाकत राहिलात तर तिसऱ्या महिन्यापासून दुसऱ्या कुणाकडेच नसलेली एखादी बातमी हाताशी असते.

वेबसाइट

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणारा मुलगा ते आपल्या खात्यावर घेतो, दोन वर्षांनी त्याच्याशी बिनसतं आणि पोर्टलचं नावच त्याच्याकडे राहतं, हे नेहमी होतं. फेसबुक पेज आणि यूट्यूबचे अधिकार दोघांकडे ठेवा, दोन्हीकडे दुहेरी पडताळणी सुरू करा.

वेबसाइट बनवायला वर्डप्रेस हे तयार सॉफ्टवेअर पुरेसं आहे. बातमीच्या लिंकचा पत्ता रोमन लिपीत, चार-पाच शब्दांचा ठेवा. देवनागरीत ठेवलात तर व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची ओळच्या ओळ पसरते आणि लोक ती घोटाळ्याची लिंक समजून टाळतात. मुख्य फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा हवा. गुगल डिस्कव्हरला (मोबाइलवर गुगल आपणहून बातम्या सुचवतं ती जागा) मोठा फोटो लागतो. मात्र फाइल ३०० केबीच्या आत बसवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर लिंकचा फोटो दिसेलच याचा भरवसा नाही. बातम्यांच्या साइटमॅपमध्ये (गुगलसाठी ठेवलेली लिंकांची यादी) गुगलला फक्त गेल्या दोन दिवसांच्या बातम्या लागतात, जुन्या तिथून निघून जायला हव्यात.

सरकारी कार्यालयांतून आणि जुन्या छापखान्यांतून येणारा मजकूर अजूनही युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतो, तो तसाच चिकटवला तर वेबसाइटवर वाचता येत नाही. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, रफार आणि आकडे हाताने तपासा. निविदेच्या रकमेत एक आकडा हलला की खुलासा छापण्याची वेळ येते.

वाचकांचे नंबर

फेसबुक उद्या पोच कमी करेल, म्हणून वाचकापर्यंत थेट जाणारी वाट हवी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बायका-मुलींना त्रासदायक फोन सुरू झाले की त्या मुकाट्याने बाहेर पडतात. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये नंबर लपलेले राहतात आणि फॉलोअरना मर्यादा नाही, पण यादी तुमच्या हातात येत नाही.

यातून मार्ग असा: रोजचा मजकूर चॅनेलवर, आणि सोबत वेबसाइटवर एक छोटा फॉर्म, ज्यात नाव, गाव, मोबाइल आणि ‘निरोप पाठवायला हरकत नाही’ अशी खूण. गाव विचाराच, पुढे जाहिरातदाराला ‘तुमच्या बाजारपेठेतल्या अमुक गावांतले इतके वाचक’ हे सांगता येतं. कामासाठी वेगळं सिम घ्या. एका झटक्यात हजारो निरोप पाठवणारी बाजारातली सॉफ्टवेअरं वापरली की नंबर बंद होतो, आणि बरोबर यादीही जाते.

पैसा

हिशेब उघड्यावर मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःच्या गावचे घाला. पूर्णवेळ दोघे, प्रत्येकी १८,०००, म्हणजे ३६,००० (यातला एक मालक; मालकाचा पगार खर्चात धरायचाच). गावोगावच्या वार्ताहरांना बातमीमागे २०० रुपये, महिना ६० बातम्या, १२,०००. पेट्रोल ५,०००. होस्टिंग, फोन, इंटरनेट ३,०००. झाले ५६,०००. जमेला वार्षिक करारावरचे २० जाहिरातदार, महिना २,००० प्रमाणे ४०,०००. वाढदिवस, निवड, उद्घाटनाच्या शुभेच्छा १०,०००. सभासद २००, वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिना १०,०००. एकूण ६०,०००. जाहिरात आणणाऱ्याचं १५ टक्के कमिशन ७,५०० वजा केलं की महिना साडेतीन हजारांची तूट येते. गुगलच्या जाहिरातींनी ती कशीबशी भरेल, न भरेल. म्हणजे वीस पक्के जाहिरातदार ही किमान पातळी झाली, यश नव्हे.

जाहिरात व्ह्यूजवर विकू नका, जागेवर विका. ‘रोजचे बाजारभाव’ या पोस्टचं वर्षभराचं प्रायोजकत्व एका कृषी सेवा केंद्राला, नदी पातळी एका विमा प्रतिनिधीला, वीज सूचना इन्व्हर्टरवाल्याला. एका प्रकारात एकच जाहिरातदार, हे लेखी द्या. दुकानदार त्याचेच पैसे देतो. हंगाम पाहून दारात जा: क्लासेसवाले मे-जूनमध्ये, मंगल कार्यालयं लग्नसराईच्या आधी, ट्रॅक्टर शोरूम दसरा-पाडव्याला.

पोर्टल बुडतं ते उधारीत. शुभेच्छांची जाहिरात वाढदिवसाच्या सकाळी लागते आणि पैसे पुढच्या वाढदिवसापर्यंत येत नाहीत. नियम एकच: पैसे खात्यात, मग जाहिरात पोर्टलवर. वार्षिक करारात तीन महिन्यांची रक्कम आगाऊ. पुढाऱ्याचा कार्यकर्ता ‘साहेबांची आहे’ म्हणाला तरी बिल साहेबांच्या नावाने काढा.

कोणत्याही एका जाहिरातदाराचा वाटा पंधरा टक्क्यांवर जाऊ देऊ नका, विशेषतः पतसंस्थेचा. ठेवीदार दारात उभे राहतील त्या दिवशी ती बातमी तुम्हाला लिहिता आली पाहिजे. सट्टा ॲप, वशीकरणवाले बाबा, हमखास बरं करणारी औषधं नाकारा. यातल्या बहुतेकांवर कायद्याने बंदी आहे. डॉक्टरांना नीतिनियमांनुसार ग्राहक ओढणारी जाहिरात करता येत नाही, नवा दवाखाना किंवा पत्ता बदलल्याची सूचना चालते. जाहीर नोटिशींच्या मागे लागू नका, त्या वर्तमानपत्रातच द्याव्या लागतात.

सभासदत्व वर्षाचं ठेवा. महिना पन्नास रुपये मागत बसलं की दर महिन्याला गळती. बातम्या कुलुपात ठेवू नका. सभासदाला लवकर येणारा सकाळचा अंक, वर्षातून एकदा हिशेब आणि बातमीच्या सूचनांना प्राधान्य एवढं पुरतं.

यूट्यूबच्या जाहिरात उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास प्रेक्षण (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतात. टीव्हीची क्लिप, सिनेमाचं गाणं वापरलं की कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाचा ठपका) येऊ शकतो. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं.

उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के. नमुन्याच्या हिशेबात ती ७ लाख २० हजार आहे, तोवर चिंता नाही.

कायदा

वेबसाइटला आरएनआय (वृत्तपत्र नोंदणीचा) नंबर नसतो. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिकांचा नवा नोंदणी कायदाही छापील अंकांसाठी आहे. उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा) नंबर लावून ‘शासनमान्य’ लिहिणं ही फसवणूक आहे. पोर्टलला २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात: सुरू केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील, आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये यातल्या नियम ९ च्या पोटनियम (१) आणि (३) ला (नीतिसंहिता पाळण्याची सक्ती आणि त्रिस्तरीय तक्रार व्यवस्था) स्थगिती दिली, तरी तक्रार अधिकारी नेमून ठेवा. वाद झाला की पहिली विचारणा त्याचीच होते.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांसाठी पॉक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३. छोट्या गावात नाव न छापताही ओळख फुटते. वडिलांचा व्यवसाय, शाळा, वाडीचं नाव, घराचा फोटो, आरोपीशी नातं, यातल्या दोन गोष्टी पुरतात. बातमी लावण्याआधी गावातल्या माणसाच्या नजरेने एकदा वाचा.

लोकसभा-विधानसभेला उमेदवाराची जाहिरात जिल्हा माध्यम प्रमाणीकरण समितीच्या मंजुरीशिवाय घेऊ नका, आणि तिच्यावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक असू द्या. पाकीट घेऊन लिहिलेली बातमी वाचक ओळखतो. पुढच्या वेळी तो खरी बातमीही तशीच धरतो.

माणसं

पैसे घेऊन प्रेसकार्ड विकू नका. दोन-पाच हजारांत तालुका प्रतिनिधी नेमणाऱ्या पोर्टलचा बूम (नाव लावलेला माइक) पुढे पेट्रोल पंपावर आणि वाळूच्या ट्रॅक्टरपाशी दिसतो, आणि खंडणीच्या तक्रारीत नाव पोर्टलचं येतं. कार्ड द्यायचं ते पगार किंवा मानधन घेणाऱ्यालाच, वर्षाच्या मुदतीचं, आणि त्याची यादी साइटवर जाहीर.

वार्ताहर निवडताना ग्रामपंचायत सदस्य, ठेकेदार आणि पक्षाचे पदाधिकारी टाळा. आशाताई, ग्रंथपाल, दूध संकलन केंद्रावर बसणारी मुलं यांना गावाची खबर जास्त असते. मानधन दर महिन्याच्या ठरावीक तारखेला द्या. थकलं की वार्ताहर स्वतःच्या जाहिराती गोळा करू लागतो आणि मग बातमी कुणाची हेच कळेनासं होतं.

शेजारच्या तालुक्यात पाऊल टाकायचं ते सलग सहा महिने मालकाच्या पगारासह सगळा खर्च वसूल झालेल्या रकमेतून भागल्यावर. नुसती बिलं फाडलेली रक्कम यात धरायची नाही. तिथे आधी राहणारा माणूस नेमा, तीन महिने फक्त बाजारभाव, वीज आणि निधन वार्ता चालवा, आणि चौथ्या महिन्यात पहिला जाहिरातदार शोधायला निघा.