दहा नंबरवरच सगळी मदार? रग्बी संघांनी या चुका टाळा

पुढच्या सरावात एक करून बघा. सराव सामना रंगात आला की तुमच्या फ्लाय-हाफला, म्हणजे हल्ल्याचे डाव ठरवणाऱ्या दहा नंबरला, आधी काही न सांगता बाहेर बोलवा. दुसऱ्याला आत पाठवा आणि चेंडू सोडून माणसांकडे बघा. रक, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीची झटापट, झाल्यावर तिथून चेंडू काढून देणारा स्क्रम-हाफ मान वळवून कुणाला शोधतो? फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड गडी, कॉलची (पुढचा डाव कोणता या हाकेची) वाट बघत ताटकळतात का? आपल्याच गोलरेषेपासून 22 मीटरच्या आत चेंडू मिळाला, तर तो टचबाहेर (बाजूच्या रेषेपलीकडे) कुणी मारायचा यावर नजरानजर होते का? होत असेल तर दुखणं जुनं आहे. तो रोज मैदानात असतो म्हणून दिसत नव्हतं, इतकंच.

यात त्या खेळाडूचा दोष नसतो. कॉल त्याचा, किक त्याची, लाइनआउटनंतरचा (बाहेर गेलेला चेंडू बाजूच्या रेषेवरून आत फेकल्यानंतरचा) डावही त्याच्याच डोक्यात, ही व्यवस्था प्रशिक्षकांनीच हळूहळू लावून दिलेली असते. सामने जिंकत असतात, मग कोण कशाला हात लावतो?

जिंकलेल्या सामन्यात त्याला आत ठेवणं

21 सप्टेंबर 2023, मार्से. विश्वचषकात फ्रान्स विरुद्ध नामिबिया, मध्यंतराला 54-0. तरीही स्क्रम-हाफ आणि कर्णधार आंत्वान द्युपों दुसऱ्या सत्रात उतरला आणि टॅकलमध्ये डोक्याला डोकं लागून त्याच्या गालाचं हाड मोडलं. फ्रान्सने तो सामना 96-0 जिंकला. द्युपों परतला तो थेट दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, डोक्यावर संरक्षक टोपी घालून. तिथे फ्रान्स 28-29 असा एका गुणाने हरला. तो पूर्ण तंदुरुस्त असता तर काय झालं असतं, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण 54 गुणांची आघाडी असताना बेंचवरचा माणूस आत पाठवायचा नाही, तर पाठवायचा कधी?

यादीत नाव आहे म्हणजे पर्याय तयार आहे, असं धरून चालणं

आयर्लंडचा दहा नंबर जॉनी सेक्स्टन मोठा खेळाडू, यात दुमत नाही. 2023 च्या उपांत्यपूर्व सामन्यात, वयाच्या 38 व्या वर्षी, तो न्यूझीलंडविरुद्ध पूर्ण 80 मिनिटं मैदानात होता. शेवटी आयर्लंडने 37 फेजपर्यंत, म्हणजे हल्ल्याच्या सलग 37 टप्प्यांपर्यंत, चेंडू राखला, पण बचाव काही फुटला नाही आणि सामना 28-24 असा गेला. सेक्स्टन निवृत्त झाला. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये जॅक क्रॉलीला दहा नंबरवर घेऊन आयर्लंडने मार्सेत जाऊन फ्रान्सला 38-17 हरवलं आणि त्या वर्षीची सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा संघांची स्पर्धाही जिंकली. म्हणजे माणूस घरातच होता. माझं मत विचाराल तर अशा वेळी संघाला खेळाडूची कमतरता नसते, भरवशाची असते. आणि भरवसा सरावात बसत नाही, अटीतटीच्या सामन्यातली शेवटची वीस मिनिटं दिल्याशिवाय तो येत नाही.

एकाच डोक्यावर पाच कामं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2011 चा विश्वचषक आठवा. 1 ऑक्टोबरला, कॅनडाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, वेलिंग्टनमध्ये किकचा सराव करताना न्यूझीलंडचा दहा नंबर डॅन कार्टरची जांघ दुखावली आणि स्पर्धा तिथेच संपली. बदली कॉलिन स्लेड अर्जेंटिनाविरुद्ध जायबंदी झाला. मग आला एरन क्रूडन. अंतिम सामन्यात त्याचा गुडघा गेला. चौथा दहा नंबर स्टीफन डोनाल्ड. त्याला बोलावणं आलं तेव्हा तो वाइकाटो नदीवर मासे पकडत होता, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याच पेनल्टीवर न्यूझीलंडने फ्रान्सला 8-7 असं हरवलं.

लोक हे नशिबाच्या खात्यात टाकतात. ते अर्धंच खरं आहे. डोनाल्ड आधीच वीसहून अधिक कसोट्या खेळलेला होता, नवखा नव्हता. शिवाय कार्टर गेल्यावर गोलवर मारण्याचं काम स्क्रम-हाफ पिरी वीपूकडे गेलं होतं. अर्जेंटिनाविरुद्ध त्यानेच सात पेनल्टी मारल्या. अंतिम सामन्यात वीपूचा पाय लागेना, तेव्हा डोनाल्ड पुढे झाला. किक कुणा एकाच्या नावावर कोरलेली नव्हती, म्हणून निभावलं.

फ्रान्सही हे शिकलेला दिसतो. 8 मार्च 2025 ला डब्लिनमध्ये द्युपोंचा गुडघा पहिल्या सत्रातच गेला. बेंचवर सात फॉरवर्ड आणि मागच्या फळीतला बॅक एकच, माक्सिम ल्यूकू. त्यात मागच्या फळीच्या मधला एक खेळाडू, सेंटर, हाही बाहेर गेला आणि ओस्कार जेगू या फॉरवर्डला तिथे उभं राहावं लागलं. पठ्ठ्याने ट्रायही केली. फ्रान्स 42-27 ने जिंकला. गोलवर मारणारा थोमा रामोस फुल-बॅकला, म्हणजे सगळ्यांच्या मागे, होता, त्यामुळे कर्णधार गेला तरी गुण आणणारा पाय मैदानातच राहिला.

उपाय साधा आहे. कामं कागदावर लिहा: गोलवर किक, 22 च्या आतून सुटका, कॉल, पुन्हा सुरुवातीची किक, पेनल्टी मिळाल्यावरचा निर्णय. प्रत्येकापुढे दोन नावं हवीत, आणि एकच नाव दोनपेक्षा जास्त ओळींत नको. आठवड्यातून एका सरावात दहा नंबरला तोंड बंद ठेवायला सांगा. कॉल बारा नंबरने (आतल्या सेंटरने) आणि फुल-बॅकने द्यायचे. पहिले दोन-तीन सराव गोंधळ उडतो. उडू द्या.

पर्यायाला नक्कल करायला लावणं

पहिला खेळाडू बचावाच्या अंगावर जाऊन शेवटच्या क्षणी पास देणारा आणि दुसरा लांब किक मारणारा असेल, तर दोघांना एकच डावपेच देऊ नका. दुसऱ्यासाठी तीन-चार डाव वेगळे ठेवा आणि ते सगळ्या संघाकडून घोटून घ्या. काही प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला जातात आणि संघ परावलंबी झाला म्हणून चांगल्या खेळाडूलाच बसवतात. ही शिक्षा कशाची, ते कुणालाच कळत नाही.

सेव्हन्समध्ये जास्त जपा

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत रग्बी बहुतेक सेव्हन्सचीच, म्हणजे खेळाच्या छोट्या प्रकाराची. सात माणसं, सात मिनिटांची दोन सत्रं, बेंचवर पाच जण. सावरायला वेळच नसतो. त्यात ज्याने गुण मिळवले त्याच संघाला पुन्हा सुरुवातीची किक मारावी लागते, तीही ड्रॉप-किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली. ती दहा मीटर गेली नाही किंवा थेट टचबाहेर गेली, तर मध्यावर प्रतिस्पर्ध्याला फ्री किक. म्हणजे ट्राय केल्यावर लगेच चेंडू हातात देऊन मोकळे. म्हणून संघात निदान तिघांना ड्रॉप-किक यायला हवी, आणि तिचा सराव दमल्यावर घ्या, सुरुवातीला ताजेतवाने असताना नाही. सामन्यात ती धापा टाकतच मारायची असते.