ऑर्कनीच्या जुन्या स्काउट पथकाचा माग कसा काढाल

स्काउटच्या जुन्या फोटोवर तारीख नसली की मी आधी पोरांचे पाय बघतो. हाफपँट दिसली तर फोटो बहुतेक १९६७ च्या आधीचा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये फुलपँट आली आणि संस्थेच्या नावातला ‘बॉय’ही गळला. अगदी चिल्लीपिल्ली म्हणजे कब. ते १९१६ नंतरचे. चेहरे शेवटी.

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेची बेटं. तिथला माग काढायचा तर कर्कवॉलच्या ग्रंथालयाचं अभिलेखागार गाठा आणि ‘द ऑर्केडियन’चे जुने अंक मागा. वर्तमानपत्र १८५४ पासूनचं आहे, सरसकट चाळत बसलात तर म्हातारे व्हाल. १९२१ धरा. अंटार्क्टिकाच्या मोहिमांसाठी गाजलेल्या शॅकल्टनच्या ‘क्वेस्ट’ जहाजावर स्काउट घ्यायचे होते, सुमारे १,७०० अर्ज आले, दोघांची निवड झाली: अ‍ॅबर्डीनचा जेम्स मार आणि ऑर्कनीचा नॉर्मन मूनी. मूनी बेटावरचा, पण त्याला बोट अशी लागली की वाटेतल्या मदीरा बेटावरच उतरावं लागलं. मार पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अंटार्क्टिक मोहिमेचा प्रमुख झाला, म्हणून सगळे त्याचंच लिहितात. मला विचाराल तर तुम्ही मूनीपासून सुरुवात करा.

मग वयस्कर मंडळींना भेटा. ‘स्काउटबद्दल सांगा’ म्हटलं की भाषण ऐकावं लागतं. त्यापेक्षा तंबू कुठे ठोकायचात, स्वयंपाक कोण करायचं, असं विचारा. फोटोमागची पुसट पेन्सिल वाचायला टॉर्च तिरका धरा, दाबाच्या खुणा उठून दिसतात. अल्बममध्ये चिकटलेला फोटो मात्र ओढू नका.