थॅलेसेमिया मेजर असताना बाळ हवंय? दिवस जाण्याआधीची तयारी

थॅलेसेमिया मेजर म्हणजे जन्मजात आजार, अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून आयुष्यभर बाहेरून भरावं लागतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात रक्त भरायला आलेल्या धाकट्या मुली शेजारच्या कॉटवरून हळूच विचारतात, “ताई, मला बाळ होईल का गं?” होतं, बाई. मला झालंय. पण दिवस गेल्यावर धावपळ करून भागत नाही. निदान सहा महिने आधी तयारीला लागावं लागतं.

सगळ्यात आधी नवऱ्याचं रक्त. नुसतं हिमोग्लोबिन बघून गप्प बसू नकोस. माझ्या नवऱ्याला एका ठिकाणी “लोह कमी आहे” म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं होतं, आणि तो निघाला मायनर, म्हणजे स्वतःला फारसा त्रास नाही, पण दोष मुलांकडं जाऊ शकतो. एचपीएलसी तपासणी मागून घे, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार मोजून मायनर ओळखतात. तो निरोगी असेल तर सगळी मुलं मायनर होतील, मेजर एकही नाही. तो मायनर असेल तर दर खेपेला बाळ मेजर असण्याचा 50 टक्के धोका. मग दोघांचीही जनुकीय तपासणी आधीच करून ठेवा. कारण 11 ते 14 आठवड्यांत वारेचा तुकडा काढून बाळाची तपासणी करतात, आणि तेव्हा तुमचे रिपोर्ट हातात लागतात. आत्याच्या घरात दिलेली असशील, तर हे टाळूच नकोस, नात्यात तोच दोष नवऱ्याकडंही असायची शक्यता जास्त.

पाळी येत नाही म्हणून खचू नकोस. सारखं रक्त भरून मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत लोह साठलं की बीजाशयाला निरोप पोचत नाही. बीजं बहुतेकदा शाबूत असतात, इंजेक्शनं देऊन ती तयार करता येतात. हे मला विशीत कुणी सांगितलं असतं तर किती रात्री रडून काढायच्या वाचल्या असत्या.

मग हृदय. लोह मोजायच्या रक्ततपासणीवर, फेरिटिनवर, विसंबू नकोस, हृदयातलं लोह दाखवणारा टी-टू-स्टार एमआरआय आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करून घे; एमआरआयचा आकडा 20 च्या वर हवा. लोह काढायच्या गोळ्या साधारण तीन महिने आधी थांबवतात, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आपल्या मनानं नाही. साखरेसाठी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आपल्याला फसवते, कारण अंगात रक्त दुसऱ्याचं असतं. ग्लुकोज पाजून करतात ती करा. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हेही उरकून घे. फॉलिक अॅसिड रोज 5 मिलिग्रॅमचं लागतं, इतर बायकांना देतात ती छोटी गोळी पुरत नाही. पानथरी काढलेली असेल तर लशींचं आणि रक्ताच्या गुठळ्यांचं आवर्जून विचार.

दिवस गेल्यावर रक्त जास्त वेळा भरावं लागतं. भरण्याआधीचं हिमोग्लोबिन 10 च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

बाळंतपण माहेरीच, असा हट्ट आई धरेल. माहेर शिरोळ-कुरुंदवाडकडं आणि तारीख पावसाळ्यातली असेल तर नको. 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. आईलाच कोल्हापुरात बोलावून घे. रक्तपेढीला रक्तगट आणि अँटीबॉडीचा रिपोर्ट आधीच देऊन ठेव, आणि फायलीची एक झेरॉक्स नवऱ्याकडं, एक आईच्या पिशवीत.